गादी परत सरकली? दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी एमआरआय कसा काढायचा, कसा बघायचा

सरकलेल्या गादीचं (गादी म्हणजे दोन मणक्यांच्या मधली डिस्क) ऑपरेशन झालं, दोन-तीन वर्षं माणूस व्यवस्थित चालला, शेतात गेला, गाडी चालवली, आणि एक दिवस उसाची मोळी उचलताना नाहीतर नुसती शिंक आली म्हणून परत तीच कळ, कमरेतून कुल्ल्यात, मांडीच्या मागनं पोटरीत आणि थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. घरातली सगळी घाबरतात, ऑपरेशन फेल गेलं म्हणतात, आणि दुसऱ्याच दिवशी कुणाच्यातरी सांगण्यावरनं एमआरआय काढून मोकळी होतात. मी सांगली-मिरज भागात एमआरआयच्या मशिनवर १६ वर्षं काम करतोय, असे पेशंट जवळजवळ दर आठवड्याला येतात. ऑपरेशन करायचं का नाही ते सर्जन ठरवणार, मी नाही. पण दुर्बीण (छोट्या छेदातनं आत घालायची नळी, एंडोस्कोप) कुठनं घालायची, किती तिरकी घालायची, आत गेल्यावर काय हाताला लागणार हे सगळं आधी त्या काळ्या-पांढऱ्या फोटोंवर ठरतं, आणि ते फोटोच अर्धवट निघाले किंवा जुने फोटो घरी कपाटात राहिले तर चांगल्या सर्जनला पण अंदाजानं काम करावं लागतं. म्हणून हे लिहितोय, पेशंटसाठी, त्याच्याबरोबर येणाऱ्या भावासाठी नाहीतर मुलासाठी, आणि मशिनवर नव्यानं बसलेल्या पोरापोरींसाठी पण.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. रिपोर्टच्या शेवटच्या दोन ओळींवर ऑपरेशन ठरवू नका. पायाची तक्रार, जुने फोटो, जुन्या ऑपरेशनचा कागद आणि नीट काढलेला नवा एमआरआय, हे चारही एका टेबलावर आले पाहिजेत.

आधी पाय बघा, फोटो नंतर

गादी परत सरकली असं कधी म्हणायचं? ज्या मणक्यात आधी ऑपरेशन झालं त्याच जागी, मधे काही महिने बरं वाटल्यावर (बरेच डॉक्टर किमान ६ महिने धरतात) परत गादीचा तुकडा बाहेर येऊन नस दाबतोय, त्याला. वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण ५ ते १५ टक्के लोकांना असं होतं, म्हणजे ही काही क्वचित कधीतरी होणारी गोष्ट नाही आणि दरवेळी पहिल्या डॉक्टरची चूक पण नाही. गादीचा सगळा गर पहिल्या वेळी काढत नाहीत, बाहेर आलेला तुकडा आणि सैल झालेला भाग काढतात, राहिलेला गर गादीच्या आवरणातल्या त्याच कच्च्या भोकातनं परत बाहेर येऊ शकतो. भोक मोठं असेल, साधारण ६ मिलिमीटरच्या पुढचं, तर परत येण्याची शक्यता वाढते. ऑपरेशननंतर कळ एक दिवस पण गेलीच नव्हती तर तो प्रश्न वेगळा, त्याचा शोध वेगळ्या दिशेनं करायचा.

मशिनवर जायच्या आधी एका कागदावर लिहून काढा: कोणता पाय, कळ कुठपर्यंत जाते, बधीर कुठं वाटतं, मागच्या वेळचाच पाय का दुसरा. अंगठा आणि पायाचा वरचा भाग बधीर, अंगठा वर उचलायला जोर नाही, तर बहुतेक एल५ ची नस (कमरेचे मणके वरनं एल१ ते एल५, आणि त्यांच्या खालच्या हाडाचा पहिला भाग एस१). करंगळीची बाजू आणि तळव्याची कड बधीर, चवड्यावर उभं राहताना टाच उचलत नाही, तर एस१ ची. नडगीची आतली बाजू बधीर आणि गुडघा सैल पडतोय तर एल४ ची. लोक ताकद गेली असं म्हणत नाहीत, चप्पल पायातनं निसटते आणि कळत नाही असं म्हणतात, ते ऐकलं की मी लगेच फॉर्मवर लिहून ठेवतो कारण ते डॉक्टरला लगेच कळायला पाहिजे.

आणि लघवी अडकली किंवा कळायची बंद झाली, संडासच्या जागेभोवती बधीर झालं, दोन्ही पायांतलं बळ एकदम गेलं, किंवा पाऊल बघता बघता लुळं पडत चाललं, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच रात्री गाडी काढून मणक्याचा नाहीतर मेंदूचा सर्जन असलेल्या हॉस्पिटलात जा, उद्या सकाळची वाट बघू नका. हे सोडून नुसती कळ असेल तर गोळ्या, थोडा आराम, फिजिओ यावर ५-६ आठवडे थांबायला बरेच सर्जन सांगतात, कारण बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतः पण शोषून घेतं, परत सरकलेल्या गादीत पण. द्राक्षवाले ऑक्टोबर छाटणीच्या आधी सगळं उरकायचं म्हणून घाई करतात, मला ती घाई कळते, बाग कुणासाठी थांबत नाही, पण छाटणीची तारीख बघून मणक्याचं ऑपरेशन ठरवू नये.

जुने कागद, सगळे

मिरजेला मिशन हॉस्पिटल १८९४ ला विल्यम वॉनलेस यांनी सुरू केलं तेव्हापासून लांबलांबनं पेशंट इकडे येतात, जत-आटपाडीकडनं, अथणी-विजापूरकडनं, आणि येताना नवीन दुखणं घेऊन येतात, जुने कागद गावाकडंच राहतात. मग एक हेलपाटा वाढतो, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे जुन्याशिवायच काम चालवलं जातं.

काय आणायचं? पहिल्या ऑपरेशनच्या आधीचा एमआरआय, फिल्म नको, सीडी पाहिजे, सीडीत सगळे फोटो असतात आणि फिल्मवर निवडक. मोबाईलवर फिल्मचा फोटो काढून व्हॉट्सअॅप केला तर त्यातनं काही मोजता येत नाही. दुसरं, ऑपरेशन नोट. डिस्चार्ज कार्ड वेगळं आणि ऑपरेशन नोट वेगळी, हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज केला की मिळते. त्यात कोणत्या बाजूनं गेले, हाड किती काढलं, गादी किती काढली, नसांच्या पिशवीला छिद्र पडलेलं का, हे लिहिलेलं असतं, आणि यातलं हाडाचं सोडलं तर बाकीचं एमआरआयवर धड कळत नाही. मधे कधी एमआरआय झाला असेल तर तो पण आणा. दोन फोटो शेजारी-शेजारी लावले की मागच्या वेळी नव्हतं आणि आता आहे ते लगेच दिसतं, एकट्या फोटोत रेडिओलॉजिस्टला ते अंदाजानं सांगावं लागतं.

एमआरआय मागताना काय मागायचं

इथं जरा जास्त लिहितो, कारण पैसे आणि वेळ इथंच वाया जातात.

नेहमीचा कमरेचा एमआरआय म्हणजे उभे काप, टी१ आणि टी२ (एकाच जागेचे दोन तऱ्हेचे फोटो, टी१ मधे चरबी पांढरी, टी२ मधे पाणी पांढरं), आणि प्रत्येक गादीला तीन-चार आडवे काप. पहिल्यांदाच्या दुखण्याला हे चालतं. ऑपरेशन झालेल्या मणक्याला आणि त्यात दुर्बिणीनं जायचं असेल तर पुरत नाही. सर्जनच्या चिठ्ठीवर नुसतं "एमआरआय एल एस स्पाईन" असेल तर परत फोन करून विचारा, साहेब ऑपरेशन झालेलं आहे, कॉन्ट्रास्ट द्यायचा का. माझ्या मते हा एक फोन सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

कॉन्ट्रास्ट म्हणजे गॅडोलिनियमचं इंजेक्शन, शिरेतनं. ते देण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) तपासलेलं पाहिजे, कारण किडनीचं काम फारच कमी असेल, ईजीएफआर ३० च्या खाली, तर ते शक्यतो टाळतात किंवा विचार करून ठराविक औषधच देतात. शुगर-बीपीवाल्यांनी आणि महिनोन् महिने दुखण्याच्या गोळ्या खाल्लेल्यांनी तर ही तपासणी चुकवूच नये, आपल्याकडं मेडिकलमधनं परस्पर गोळ्या घेऊन वर्ष-वर्ष काढलेली माणसं खूप आहेत. पोटात बाळ असेल तर सांगा. पेसमेकर, कानातलं मशिन, डोक्यातली क्लिप, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलेला, वेल्डिंगवाल्यांना हे बऱ्याचदा असतं, सगळं आधीच सांगा.

आता मशिनवरच्या पोरांसाठी. कॉन्ट्रास्टच्या आधी आणि नंतर टी१ चे आडवे काप अगदी त्याच जागी, त्याच कोनात घ्या, नाहीतर तुलना होत नाही. नंतरचे फोटो चरबी दाबून, म्हणजे फॅट सॅट लावून. औषध गेल्यावर लगेच स्कॅन चालू करा, १० मिनिटांच्या आत आडवे काप झाले पाहिजेत, कारण अर्ध्या तासानं औषध गादीच्या तुकड्यात पण झिरपायला लागतं आणि मग स्कार (जुन्या जखमेचं चिवट मांस) आणि गादी दोन्ही सारखे उजळतात, सगळी मेहनत पाण्यात. आडवे काप नुसते गादीवर तिरके घेऊन थांबू नका, एल३ पासून एस१ पर्यंत सलग, मधे जागा न सोडता घ्या, खाली घसरलेला तुकडा नेमका दोन गाद्यांच्या मधल्या न घेतलेल्या जागेत लपतो. उभे काप दोन्ही बाजूला लांबपर्यंत न्या, नसा बाहेर पडतात ती भोकं पूर्ण आली पाहिजेत. आणि एक, जे कुणी शिकवत नाही: नेहमीच्या आडव्या कापाचा फोटो १८-२० सेंटीमीटर रुंद असतो, त्यात पाठीची कातडी बाजूला दिसतच नाही, आणि पोटाची हालचाल लपवायला फोटोत पुढं जो पट्टा (सॅट बँड, अंगावरचा नव्हे) लावतो त्यानं आतडी, किडनी काळी होऊन जातात. दुर्बीण बाजूनं घालायची असेल तर सर्जनला नेमकं तेच बघायचं असतं. म्हणून एक मोठा आडवा सेट, सगळं पोट-पाठ येईल एवढा, पट्टा काढून. चार-पाच मिनिटं जातात, जाऊ देत.

पेशंटनं एवढंच करायचं, हलायचं नाही. कळ असताना पाऊण तास उताणं पडणं सोपं नाही हे मी रोज बघतो, म्हणून डॉक्टरला विचारून आधी दुखण्याचं इंजेक्शन घ्या, गुडघ्याखाली उशी मागा, बंद जागेची भीती असेल तर तसं आधी सांगा. हललेल्या फोटोवर कुणीही काही ठरवू शकत नाही.

मणके मोजणं

हे फुटकळ वाटेल पण चुकीच्या मणक्यावर ऑपरेशन होण्याचं हे एक खरं कारण आहे. काही लोकांचा शेवटचा कमरेचा मणका खालच्या, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या, हाडाला चिकटलेला असतो, काहींचा त्या हाडाचा वरचा भाग सुटा होऊन सहावा मणका असल्यासारखा दिसतो. मग एका सेंटरवाल्यानं खालून मोजलं, दुसऱ्यानं वरनं, आणि तीच गादी एका रिपोर्टात एल५-एस१ आणि दुसऱ्यात एल४-एल५ होते. पलूसकडच्या एका मावशींच्या बाबतीत असंच झालेलं, घरच्यांना वाटलं दुसरीच गादी गेली, जुनी सीडी लावल्यावर कळलं की जागा तीच, आकडा बदललेला.

उपाय साधा आहे. एमआरआयच्या वेळी मानेपासून खालपर्यंत एक झटपट उभा फोटो घ्यायचा आणि मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून मोजत यायचं. कमरेचा समोरचा एक्स-रे काढून शेवटची बरगडी कुठल्या मणक्याला आहे ते बघायचं. आणि रिपोर्टात रेडिओलॉजिस्टनं कसं मोजलंय ते एका ओळीत लिहून मागायचं. ऑपरेशनच्या टेबलावर सर्जन सी-आर्मच्या (ऑपरेशन चालू असताना वापरायचं एक्स-रे मशिन) एक्स-रेवरच मोजणार आहे, एमआरआयचं मशिन तिथं नसतं, म्हणून दोन्हीकडं मोजायची पद्धत एकच पाहिजे.

स्कार का गादी

सगळ्यात मोठा प्रश्न हा. पहिल्या ऑपरेशनच्या जागी जखम भरून येताना चिवट तंतूंचं मांस तयार होतं, त्याला स्कार म्हणतात. ते प्रत्येकाच्यात असतं, बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो. साध्या एमआरआयवर स्कार आणि गादीचा तुकडा दोन्ही करडेच दिसतात, दोन्ही नसेला लागून, आणि रिपोर्टात बऱ्याचदा दोन्हीची शक्यता लिहून सोडून देतात. पण दुर्बिणीनं काढायचा असतो तो तुकडा. नुसता स्कार सोलायला परत आत गेलं तर सहसा फायदा होत नाही, परत नवीन स्कार तयार होतो आणि नस आणखी चिकटते.

ओळखायचं कसं? स्कारमधे बारीक रक्तवाहिन्या असतात म्हणून औषध दिल्यावर तो लवकर आणि सगळाच्या सगळा उजळतो. गादीच्या तुकड्यात रक्तवाहिन्या नसतात म्हणून त्याचा गाभा काळाच राहतो, फक्त कडेनं एक उजळ रिंगण दिसतं. आकार पण बघा: तुकडा नसेला आणि नसांच्या पिशवीला ढकलतो, कड गोल आणि स्पष्ट असते, बहुतेकदा मूळ गादीशी जोडलेला दिसतो. स्कारची कड वेडीवाकडी असते, तो पिशवीला ढकलत नाही तर बऱ्याचदा आपल्याकडं ओढून घेतो. टी१ मधे नसेभोवती पांढरी चरबी दिसते ती स्कारमधे पुसली गेलेली असते. कधी कधी दोन्ही एकत्र असतात, स्कारच्या मांसात तुकडा रुतून बसलेला, आणि तेव्हा किती काळं आणि किती उजळ याचं माप सर्जनला लागतं.

माझ्या दाजींचंच सांगतो, विट्याकडं असतात, टेम्पो चालवतात. ऑपरेशनला वर्ष झाल्यावर परत पाय दुखायला लागला, एका ठिकाणी साधा एमआरआय काढला, रिपोर्टात गादी परत सरकली असं आलं, ऑपरेशनची तारीख पण घेतली आणि मला कळलं चार दिवस आधी. मी हट्टानं कॉन्ट्रास्ट करायला लावला. सगळी जागा एकसारखी उजळली, आत काळा गाभा कुठंच नाही. सर्जननं स्वतः फोटो बघून तारीख रद्द केली, नसेजवळ एक इंजेक्शन दिलं, तीन महिने फिजिओ झाला, आणि आता ते टेम्पो चालवतात, लांबच्या खेपा मात्र सोडल्या. सगळ्यांचं असंच होईल असं नाही, पण तो कॉन्ट्रास्ट झाला नसता तर दाजींच्या पाठीत विनाकारण दुसऱ्यांदा हत्यार गेलं असतं, आणि मला ते अजून सोसवत नाही.

अजून एक, ऑपरेशन होऊन दोन-तीन महिनेच झाले असतील तर फोटो फसवतात. त्या काळात आतली सूज, रक्ताची गुठळी, नवीन मांस, सगळं मिळून परत गादी आल्यासारखंच दिसतं, अगदी ज्याला काही त्रास नाही त्याच्यात पण. तेव्हा फोटोपेक्षा पायाची तपासणी मोठी.

तुकडा नक्की कुठं बसलाय

आता तुकडाच आहे हे पक्कं झालं. पुढचा प्रश्न पत्ता. आडव्या कापात चार जागा बघतात: मधोमध, मधल्यापासून बाजूला नसेच्या कोनाड्यात, नस बाहेर पडते त्या भोकात, आणि भोकाच्या पण बाहेर. एल४-एल५ चा तुकडा कोनाड्यात असेल तर खाली जाणारी एल५ ची नस दबते, भोकात किंवा बाहेर असेल तर एल४ ची. मघाशी कागदावर लिहिलेलं इथं कामाला येतं, फोटोतली नस आणि पायातलं दुखणं जुळलं पाहिजे. डाव्या पायात कळ आणि तुकडा उजवीकडं असेल तर थांबा, काहीतरी चुकतंय.

उभ्या कापात तुकडा गादीच्या वर सरकलाय का खाली ते बघतात. इथं मोजपट्टी असते मणक्याच्या पेडिकलची, म्हणजे मणक्याच्या पुढच्या आणि मागच्या भागाला जोडणारी खुंटी. खाली घसरलेला तुकडा खालच्या पेडिकलच्या मध्यापर्यंतच असेल तर तो जवळचा, मध्याच्या पण खाली गेला तर लांबचा. वर गेलेला तुकडा वरच्या पेडिकलच्या खालच्या कडेपासून ३ मिलिमीटरच्या आत पोचला तर तो पण लांबचा. जवळचा तुकडा बाजूनं घातलेल्या दुर्बिणीच्या हाताला येतो. लांबच्यासाठी हाड जास्त घासावं लागतं, तिरकस वाट धरावी लागते, किंवा मागनं जावं लागतं, आणि इथं अंदाज चुकला तर तुकडा आतच राहतो.

वाट: बाजूनं का मागनं

दुर्बिणीच्या दोन वाटा. बाजूनं, म्हणजे नस बाहेर पडते त्या भोकातनं, आणि मागनं, म्हणजे मणक्याच्या दोन कमानींच्या मधल्या फटीतनं. दोन्हीत कातडीवर साधारण ८ मिलिमीटरचा छेद. परत सरकलेल्या गादीत बाजूच्या वाटेचा मोठा फायदा असा की पहिलं ऑपरेशन मागनं झालेलं असतं, स्कार मागच्या बाजूला असतो, आणि बाजूची जागा कुणी हात न लावलेली असते. चिकटलेली नसांची पिशवी फाटायची भीती कमी. शिवाय हे बहुतेक वेळा जागा बधीर करून, पेशंट जागा असताना करता येतं, नसेला धक्का लागला तर पेशंटच सांगतो.

पण भोकात जागा किती आहे हे एमआरआयवर आधी बघायला पाहिजे. बाहेरच्या बाजूचे उभे काप घ्या, भोक चावीच्या खाचेसारखं दिसतं, वरच्या अर्ध्यात नस आणि खालच्या अर्ध्यात जागा. त्या खालच्या अर्ध्यातनं दुर्बीण जाते. तिरक्या बाहेर पडणाऱ्या नसेच्या खाली, खालच्या मणक्याच्या वर आणि मणक्यांच्या मागच्या सांध्याच्या पुढं अशी ही तिकोनी जागा, कॅम्बिन ट्रँगल म्हणतात तिला. दुर्बिणीची नळी ७-८ मिलिमीटरची. गादी बसून भोकाची उंची कमी झालेली असेल, सांध्याचं हाड वाढलेलं असेल, नस खाली लोंबत असेल, तर आधी सांध्याच्या हाडाचं टोक घासून जागा करावी लागते. ते न करता नळी रेटली तर वरची नस चुरगाळते आणि गादीचं दुखणं गेलं तरी पायात आग राहते, काही आठवडे, कधी महिने.

मग मोठ्या आडव्या कापावर, ज्याच्यासाठी मघाशी चार मिनिटं जास्त लावली, तुकड्यापासून सांध्याच्या कडेला घासून एक रेघ कातडीपर्यंत काढतात आणि मधल्या रेषेपासून अंतर मोजतात. एल४-एल५ ला हे साधारण १० ते १२ सेंटीमीटर येतं, एल५-एस१ ला १२ ते १४, बारीक माणसाला कमी, जाड्याला जास्त. रेघेच्या वाटेत किडनी, आतडं येत नाही ना हे बघायचं, काहींचं आतडं बरंच मागं आलेलं असतं. आणि एमआरआय उताणं झोपवून काढलाय, ऑपरेशन पालथं किंवा कुशीवर होणार, तेव्हा आतलं सगळं थोडं सरकतं, म्हणून माप काठोकाठ धरू नये.

एल५-एस१ ला अजून एक अडचण, कमरेच्या दोन्ही बाजूची मोठी हाडं. बाजूच्या एक्स-रेत त्या हाडाची वरची कड एल५ च्या पेडिकलच्या मध्याच्या वर गेलेली असेल तर बाजूनं सरळ वाट मिळत नाही. तिथं मागची वाट बरी, कारण कमरेत कमानींमधली सगळ्यात रुंद फट एल५-एस१ लाच असते. पण मागनं म्हणजे स्कारमधनं, त्यामुळं मागच्या वेळी हाड किती काढलंय ते आडव्या कापात बघून, शिल्लक हाडाच्या कडेवर दुर्बीण टेकवून, हाडाला धरून आत शिरतात, पिशवीवरचा स्कार सोलत बसत नाहीत. ऑपरेशन नोट इथं सोन्यासारखी.

एमआरआयला जे दिसत नाही

एमआरआय झोपवून काढतात, म्हणून मणका उभं राहिल्यावर सरकतो का ते त्यात कळत नाही. उभं राहून, पुढं वाकून आणि मागं वाकून एक्स-रे काढा. वाकताना मणका ३-४ मिलिमीटरच्या वर सरकत असेल तर नुसता तुकडा काढून भागत नाही, स्क्रू-पट्टीचा विचार करावा लागतो, आणि दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा सरकलेल्या गादीत हा विचार असाही होतोच. गादीचा तुकडा दगडासारखा कडक झालाय का, मागची कमान तुटलीय का, यासाठी सीटी स्कॅन.

फोटोत मणक्याचं हाड गादीच्या कडेनं टी१ मधे काळं आणि टी२ मधे पांढरं दिसत असेल तर ती आतली सूज, मोडिक १ म्हणतात, अशांची कंबर तुकडा काढल्यावर पण दुखत राहू शकते, हे आधी माहिती असलेलं बरं. पण तसंच दिसतंय, गादीच पांढरी दिसतेय, हाडाची कड खाल्लेली, औषधानं सगळं उजळतंय, रात्री कळ वाढतेय, ताप, तर जंतुसंसर्ग नाही ना हे ईएसआर-सीआरपी (सूज-संसर्ग दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) करून बघितल्याशिवाय पुढं जाऊ नये.

सर्जनसमोर

सीडी घेऊन जा आणि स्पष्ट सांगा की फोटो आमच्यासमोर लावून दाखवा. कुठलाही चांगला सर्जन याला नाही म्हणत नाही. विचारायचं: तुकडा आहे का स्कार, कोणत्या बाजूला, कोणती नस, बाजूनं जाणार का मागनं आणि का, तुकडा हाताला आला नाही तर त्याच टेबलावर पुढं काय करणार. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी घ्या, संमतीच्या कागदावर ते लिहिलेलं असतं आणि आपण न वाचता सही करतो. खर्चाचं पण तेव्हाच, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड-आधार बरोबर ठेवा. एमआरआय आणि ऑपरेशनमधे महिने गेले असतील, किंवा दुखणं बदललं असेल, पाय बदलला, कळ एकदम गेली आणि ताकद पण गेली, तर जुन्या फोटोवर जाऊ नका, परत काढा.

ऑपरेशनच्या दिवशी सीडी आणि जुने फोटो सगळे बरोबर पाहिजेत, ओटीत स्क्रीनवर लावतात. बाजूची खूण पेशंट शुद्धीत असताना, त्याला विचारून पायावर-पाठीवर करतात, ती झालीय ना बघा.

नंतर लगेच एमआरआय काढायची घाई नको. काही सर्जन दुसऱ्या दिवशी स्वतःच एक काढून तुकडा राहिला नाही ना बघतात, ते ठीक, पण पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत घाबरून बाहेर काढलेल्या एमआरआयमधे हमखास "गादी अजून आहे" असं येतं आणि घरात रडारड होते. कळ गेली असेल तर फोटोच्या मागं लागू नका. डिस्चार्जच्या दिवशी नवीन ऑपरेशन नोटची झेरॉक्स आणि दुर्बिणीतनं घेतलेले फोटो मागून घ्या, जुन्या-नव्या सीडींसकट एकाच पिशवीत घाला, आणि पिशवीवर पेशंटचं नाव, मणक्याचा आकडा आणि तो कसा मोजला ते मार्करनं लिहून ठेवा.